उजव्या कोपऱ्यातली सही

पवनी,
३ जुलै २०१७

श्री. संघपाल यांस नमस्कार.

मी चंदनची मोठी बहीण रंजिता. आपली भेट एकदाच झाली आहे, तुमचे आणि चंदनचे छपाईचे दुकान तुमसरला सुरू झाले त्या दिवशी. तुम्हाला आठवत असेल.

फोन न करता पत्र लिहिते आहे त्याचे कारण आई. घरात फोन वाजला की ती धावत येते, माझ्या हातातून घेते आणि विचारते, "चंदन?" मग समोरचा माणूस फोन ठेवून देतो. म्हणून कृपया फोन करू नये. उत्तर मी शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवावे, तो पाकिटावर लिहिला आहे. घरी नको.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गल्लीत पार्वताबाईंच्या नातवाची उष्टावण झाली. बाळाचे आजोळ तुमसरचे, त्यामुळे दारावरचे फ्लेक्स तिकडून आले. बाळाचे कार्टून आहे. मोठे डोके, लहान धड, हातात चमचा. चित्र चांगले आहे. पण खाली उजव्या कोपऱ्यात चंदनची सही आहे. तिरपी, आणि खाली मागावरच्या धोट्यासारखी रेघ. ती दुसऱ्या कोणाची असू शकत नाही.

आई त्या फ्लेक्ससमोर उभी राहिली ती हलेना. पार्वताबाईंना म्हणाली, "हे लेकरू पुसाच्या महिन्यात जलमलं. माहा चंदन त्याच्या आधीच, भादव्यात गेला म्हनता. मंग हे चित्र कोनं काढलं?"

पार्वताबाईंनी तिला हाताला धरून घरी आणून सोडले.

तुम्हाला ठाऊक आहे, चंदन पुरात गेला आणि तिसऱ्या दिवशी धरणाच्या पाण्यात सापडला. ओळख हेमराजकाकांनी पटवली. ते बाबांचे चुलतभाऊ, बाबांच्या माघारी तेच घरातले मोठे. सदऱ्यावरून आणि मनगटातल्या धाग्यावरून पटवली. आईला आणि मला तोंड दाखवले नाही. दाखवण्यासारखे नाही असे सांगितले. आम्ही ऐकले. आता आईला वाटते की ऐकायला नको होते.

येत्या भाद्रपदात त्याचे वर्षश्राद्ध आहे. आई नाही म्हणते. "जित्या लेकाचं श्राद्ध कोनती माय करते?" असे तिने काकांना तोंडावर विचारले.

तर मला एवढेच विचारायचे आहे. ती सही कोणी केली? स्पष्ट लिहावे.

रंजिता


तुमसर,
८ जुलै २०१७

रंजिताताईंना संघपालचा नमस्कार.

तुमचं पत्र पोहोचलं. पोस्टमननं दुकानात पत्र आणलं तं आजूबाजूचे पाहायला आले, कोर्टाची नोटीस आली का म्हणून. आजकाल दुकानात पत्र कोण पाठवते? माझ्या बायकोनं, रीनानं विचारलं, कोणाचं आहे. मी म्हटलं, चंदनच्या घरून.

ते फ्लेक्स आपल्याच दुकानातून गेलं ताई. त्यात विशेष काही नाही. चंदनची जुनी डिझाइन पडून होती, तिच्यात लेकराचा फोटो बसवून दिला. सही जुनीच राहून गेली. माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. आईंना त्रास झाला, माफी मागतो.

दुकान बरं चालून राहिलं. लग्नसराईत तं नवरा-नवरीच्या कार्टूनशिवाय कोणी पत्रिका छापायला तयार नव्हतं. परवा एक राइस मिलवाले आले, वाढदिवसाचा बॅनर पाहिजे म्हणाले. चित्र पाहून म्हणतात, "अबे, डाक्टर तं पोट कमी करू नाही शकला, तू तरी कर ना!" केलं कमी. मग त्यांच्या बायको आल्या. त्या म्हणाल्या, "हे कोन होय? हे आमच्या घरचे नाही. पोट वापस लाव." पुन्हा लावून दिलं.

आईंची तब्येत कशी आहे? त्यांना सांगा, नाही तं नका सांगू. तुम्हाला ठीक वाटेल तसं.

तुमचा,
संघपाल


पवनी,
१५ जुलै २०१७

श्री. संघपाल यांस,

पत्र मिळाले. माझे समाधान झाले नाही.

तुम्ही लिहिता की जुन्या डिझाइनमध्ये फोटो बसवला. मी ते फ्लेक्स जवळून पाहिले. फोटो कुठेही बसवलेला नाही. बाळाचा चेहरा काढलेला आहे. कपाळावरची बट, कानामागचा काजळाचा टिळा, सगळे रेघेने काढलेले आहे. चंदन मला सांगायचा की तो एकेक चेहरा संगणकावर पेनने हाताने काढतो. मग आता चेहरे कोण काढते? तुम्ही गिऱ्हाईक आणि छपाई पाहता, चित्रकला तुम्हाला येत नाही, असे चंदननेच सांगितले होते.

आणखी काही गोष्टी आहेत. हेमराजकाका तांदळाच्या कामाने तुमसरला आले होते. त्यांना बाजारात चंदनची मोटरसायकल जाताना दिसली. चालवणाऱ्याने हेल्मेट घातले होते. दुकानाच्या वरची चंदनची खोली अजून भाड्याने घेतलेली आहे असेही त्यांना कळले. रिकाम्या खोलीचे भाडे कोणी का भरते? आणि तुम्ही त्याचे इतके जवळचे, पण तेरवीला आला नाहीत. तेव्हा मला वाईट वाटले होते. आता वेगळे वाटते.

सहीबद्दल आमच्या घरातली एक गोष्ट सांगते, म्हणजे आई एवढी का अडून बसली ते कळेल. बाबा मागावरून लुगडे उतरवायच्या आधी काठाच्या शेवटी दोन लाल धागे टाकत. ती त्यांची खूण. बाबा आजारी असले आणि मागावर दुसरा कोणी बसला तर तो ती खूण टाकत नसे. आपली टाकी किंवा तसेच सोडी. मागावर जो बसला त्याचीच खूण पडते, हे आईने जन्मभर पाहिले आहे. दुसऱ्याची खूण टाकणे म्हणजे तिला चोरीपेक्षा वाईट. आणि तुम्ही तसे केले नसेल, तर उरते एकच गोष्ट.

माझ्याकडे चंदनच्या दोन जुन्या पत्रिका होत्या, त्याच्या हातच्या. बाळाच्या उष्टावणीचे छोटे कार्डही मिळाले. तिन्हींवर सही आहे. मी त्या खिडकीच्या काचेवर एकावर एक ठेवून पाहिल्या. सह्या तंतोतंत जुळल्या. दुसऱ्याने नक्कल केली असती तर कुठेतरी फरक पडला असता.

मी फार बोलणारी नाही. म्हणून एकदाच विचारते. चंदन जिवंत असेल, आणि त्याने तुम्हाला कोणाला सांगू नको म्हटले असेल, तर फक्त होय एवढे लिहा. तो का गेला, कोणावर रागावला, हे आम्ही विचारणार नाही. परत ये असेही म्हणणार नाही.

रंजिता


तुमसर,
२० जुलै २०१७

रंजिताताई,

चंदन गेला. तुम्ही विचारलं म्हणून लिहितो. मासे धरणाऱ्या ढिवरांनी त्याला आपल्या डोंग्यातून काठावर आणलं तेव्हा मी हेमराजकाकांच्या मागं उभा होतो. मी तोंड पाहिलं. त्याच्यापुढचं लिहिणार नाही.

गाडी मी चालवतो. हेल्मेट त्याचंच आहे. वरच्या खोलीत संगणक आहे, काम तिथंच होते, म्हणून खोली सोडली नाही. काकांनी दुकानात येऊन विचारलं असतं तं दाखवली असती. समोरच्या पानठेल्यावर माझी चौकशी करून गेले, माझ्याकडे नाही आले.

तेरवीला मी आलो होतो ताई. पांढरा सदरा घालून, तुमसर रोडवरून गाडी पकडून. काकांनी फाटकाजवळ थांबवलं. म्हणाले, "घरचेच लोक आहेत आज." मी म्हटलं, ठीक आहे. तिथंच थोडा वेळ उभा राहिलो आणि वापस आलो. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

चेहरे कोण काढते ते नका विचारू. त्याच्यात चंदनचंच काहीतरी आहे, आणि ते माझं सांगायचं नाही.

संघपाल


पवनी,
२७ जुलै २०१७

संघपालभाऊ,

फाटकाची गोष्ट मला माहीत नव्हती. काकांना विचारले. ते म्हणाले, "तेव्हा कोनाले भान होतं, बाई?" हे उत्तर नाही, हे मला कळते. मी तेव्हा आत होते. मला लाज वाटते.

पण तुमच्या शेवटच्या ओळींनी माझी झोप गेली. "ते माझं सांगायचं नाही" म्हणजे कोणाचे सांगायचे आहे? मेलेला माणूस सांगू शकत नाही. आई माझे तोंड पाहून ओळखते. "काय लिहते तो? कोनाचं कागद आलं तुह्या शाळेत?" असे विचारत राहते. मी काही नाही म्हणते. ती म्हणते, "तू बी लपवून राहिली."

मी आणखी एक करून पाहिले. वर्गात मुलांना आपापले नाव एकाखाली एक पाच वेळा लिहायला सांगितले. मग कागद काचेवर धरून जुळवून पाहिले. कोणाचीही दोन नावे सारखी निघाली नाहीत. माझीही नाहीत. कुठे वेलांटी मोठी, कुठे शिरोरेघ वर. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मशीन थोडीच हाय आमी."

मग मला आधीची माझी चूक कळली. सह्या जुळल्या म्हणून मी त्या चंदनच्या हातच्या समजले होते. पण तीन सह्या केसाइतक्याही फरकाशिवाय जुळत असतील तर त्या कोणत्याच हातच्या नाहीत. तुमच्या नाहीत आणि चंदनच्याही नाहीत. ज्या जुन्या पत्रिका त्याने स्वतः काढल्या असे मी म्हणते, त्यांच्यावरच्याही नाहीत.

मग हे काय आहे? आता तरी सांगा. मी आईसारखी दारात बसून राहणारी नाही, मला ऐकवेल.

रंजिता


तुमसर,
५ ऑगस्ट २०१७

रंजिताताई,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहून फाडलं. रीना म्हणाली, "लपवून कोनाचं भलं होऊन राहिलं? त्या माउलीचं तं नाही."

चंदननं हातानं चित्र कधी काढलं नाही ताई. एकही नाही.

काम असं होते. फोटो घ्यायचा. पहिले फिल्टरनं कातडी सपाट करायची, डाग, सुरकुत्या जातात. मग दुसऱ्या फिल्टरनं सगळ्या छटा काढून चारसहा रंगच ठेवायचे. मग डोळे, नाक, केस यांच्या कडा शोधून तिथं काळी रेघ उमटवायची. तेही फिल्टरच करते. मग डोकं फुगवायचं, धड बारीक करायचं. फोटोचं कार्टून होऊन जाते. पाहणाऱ्याला वाटते, कोणी बसून काढलं.

आणि संगणकाला सांगता येते, की आता मी जे जे करतो ते ध्यानात ठेव. तो ध्यानात ठेवतो. पुढच्या वेळी एक बटण दाबलं की सगळं आपोआप, त्याच क्रमानं. चंदननं तसं करून ठेवलं होतं. ध्यानात ठेवायला लावलं तेव्हा शेवटी सवयीनं आपली सही टाकून दिली. संगणकानं तीही कामातच धरली. तेव्हापासून जे चित्र निघते त्याच्यावर तीच सही येते. मला दुसरं काही येत नाही. मी बटण दाबतो.

लपवलं काहून, ते सांगतो. दुकान सुरू झालं तेव्हा तुमचे बाबा आले होते. चंदननं त्यांना त्यांचंच चित्र दाखवलं. बाबा किती वेळ पाहत राहिले. मग त्याचा पंजा हातात घेऊन म्हणाले, "हात हाय पोराले. माहा मागावर चालला, याचा इथं." आता बापाला कोण सांगते, की बाबा, हात नाही, फिल्टर आहे? तो नाही सांगू शकला. मग तुम्ही त्याला शाळेच्या गॅदरिंगला बोलावलं, पोरांसमोर फळ्यावर चित्र काढ म्हणून. तो हाताला पट्टी बांधून आला होता. हाताला काही झालं नव्हतं ताई. पट्टी मीच बांधून दिली होती.

एक मात्र खोटं नाही. विकतचे फिल्टर आपल्याकडच्या माणसांना गुलाबी करून टाकतात, बाहुल्यासारखे. सावळी बाई टाकली की गोरी मेम होऊन निघते. कुंकू तं कपाळात मिसळूनच जाते. चंदन कितीतरी महिने त्याच्या मागं लागला होता. त्यानं असं जमवलं की सावळा सावळाच राहते आणि कुंकू कुंकवाच्या जागी. त्या मिलवाल्याची बायको पोट वापस लाव म्हणाली, पण रंगाबद्दल कोणी कधी तक्रार केली नाही. ते त्याचं होतं. पण ते हातानं काढणं नव्हे.

तुम्ही विचारलं, मी सांगितलं. आता काय समजायचं ते समजा.

संघपाल


पवनी,
१० ऑगस्ट २०१७

संघपालभाऊ,

पत्र शाळेत वाचले. मग वर्गावर गेले आणि शिकवले.

त्या गॅदरिंगनंतर मुख्याध्यापकांनी चंदनला शाल दिली होती. मी सगळ्यांना सांगत असे की माझा भाऊ चित्रकार आहे. अजून कोणी विचारले तर काय सांगायचे ते मला ठरवता आलेले नाही. रागही येत नाही. तो माझ्याशी एवढी वर्षे खोटे बोलला आणि मला त्याची एकदाही शंका आली नाही, आणि तुमच्यावर मात्र पहिल्याच पत्रापासून शंका घेतली, हे मनात येत राहते.

आईला सांगितले. सगळे, जसे तुम्ही लिहिले तसे. ती भाजी निवडत होती. पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाली, "मशीन काम करते, हे मले समजते. माग बी मशीनच हाय. पन माग काय आपल्या मनानं पदर विनते? कोनीतरी बसते तवाच विनते ना? मंग तिथं कोन बसून राहिला?"

मी म्हणाले, संघपाल बसतो.

"संघपाल बसते तं संघपालची खून पडाले पाहिजे. चंदनची काहून पडते?"

मी चार वेळा समजावले. ती चार वेळा तेच म्हणाली. शेवटी म्हणाली, "मले ने तिथं. मी पाहतो कोन बसते तं."

म्हणून आम्ही वीस तारखेला, रविवारी, येतो. तिला वर खोलीपर्यंत येऊ द्या. कपाट, मोरी, काही पाहायचे म्हणाली तर पाहू द्या. ती चंदनला शोधेल. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

आणखी एक विचारायचे आहे. तो सहीचा भाग त्या क्रमातून काढता येत नाही का? येत असेल, तर वर्षभर का काढला नाही?

रंजिता


तुमसर,
२३ ऑगस्ट २०१७

रंजिताताई,

तुम्ही आलात, बरं झालं. पण एक गोष्ट तेव्हापासून मनात सलून राहिली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आईंनी कपाट उघडून पाहिलं, खाटेखाली वाकून पाहिलं, चंदनचा टॉवेल हुंगून पाहिला. मला काही वाटलं नाही. त्यांना संगणकासमोर बसवलं, त्यांचाच फोटो काढला, बटण त्यांच्याच बोटानं दाबलं. चित्र आलं, खाली सही आली. त्या म्हणाल्या, "पुन्हा." माझा फोटो लावला, तुमचा लावला. त्या पाहत होत्या. मला वाटलं, समजून राहिलं आता.

मग मी चहा सांगायला घरी गेलो. रीनानं सकाळपासून तयारी करून ठेवली होती. माझी माय धुरपता, तिनं नवे कप काढले. मी आणि रीना ट्रे घेऊन दुकानात आलो तं तुमच्या आई जिना उतरून खाली उभ्या. तोंड उतरलेलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "चाल वो रंजिता" एवढंच म्हणाल्या. तुम्हीही "येतो" म्हणालात आणि गेलात. ट्रे रीनाच्या हातात तसाच.

माय म्हणाली, "नाही घेत बापा ते लोकं आपल्या घरचा चहा. तुलेच भरोसा होता." मी तिच्यावर ओरडलो. पण मला सांगा, मी काय समजू? फाटकाचं मी मनातून काढून टाकलं होतं. हे निघत नाही.

सहीचं विचारलं होतं. काढता येते. सोपं आहे. पहिल्याच महिन्यात समजलं होतं. नाही काढली. लोक त्याच्या नावानं येतात म्हणून ठेवली असं तुम्ही समजाल. समजा. रोज सकाळी पहिलं चित्र निघते, आणि त्याची सही येते, आणि मग माझा दिवस सुरू होते. याच्याहून जास्त मला सांगता येत नाही.

संघपाल


पवनी,
२८ ऑगस्ट २०१७

संघपालभाऊ,

तुम्ही चहा सांगायला गेलात तेव्हा वर काय झाले, ते तुम्हाला माहीत नाही. मी त्याच दिवशी लिहायला हवे होते. मला बोलायला वेळ लागतो, लिहायलाही लागतो.

तुम्ही जिना उतरलात आणि आई खुर्चीतून उठली. बाजूला उभी राहिली. मला म्हणाली, "आता ह्याचा फोटो काढ."

मी विचारले, कशाचा?

"खुर्चीचा."

मी म्हणाले, रिकाम्या खुर्चीचा कशाला? तर म्हणाली, "काढ म्हनलं ना. चंदन इथंच बसे ना? मंग काढ."

मी मोबाइलने फोटो काढला. तुम्ही जसा जोडला होता तसा जोडला. तुम्ही दाखवलेले बटण आईने दाबले. थोडा वेळ गेला. मग खुर्ची कार्टूनसारखी झाली. पाठ फुगली, पाय बारीक झाले, कडांना काळी रेघ आली. खाली उजव्या कोपऱ्यात चंदनची सही आली.

आई पडद्याच्या अगदी जवळ गेली. चष्मा काढून पाहिले, पुन्हा लावून पाहिले. मग मला विचारले, "ह्याले दिसत नाही का, खुर्चीवर कोनी नाही म्हनून?"

मी म्हणाले, नाही आई. त्याला दिसत नाही.

ती म्हणाली, "मंग आपल्यालेच पाहा लागन."

आणि जिन्याकडे वळली. तुमच्यावर किंवा तुमच्या घरावर तिच्या मनात काही नव्हते. तिच्या मनात त्या वेळी कोणीच नव्हते. मी मागे वळून तुम्हाला सांगायला हवे होते, पण ती पायऱ्यांवर एकटी होती आणि तिचा हात कठड्यावर नव्हता. तुमच्या आईंना आणि रीनाला हे वाचून दाखवा.

गाडीत ती भंडाऱ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. मग पदर तोंडाला लावून रडली. सगळ्या गाडीने पाहिले. मागच्या भाद्रपदापासून ती रडली नव्हती. जिवंत मुलासाठी कशाला रडायचे, असे म्हणायची. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारले, काय झाले? आईने स्वतः सांगितले, "माहा लेक गेला, बाई." त्यांनी विचारले, कधी? आई म्हणाली, "साल झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच गुरुजींना निरोप पाठवला. वर्षश्राद्ध वद्य पंचमीला आहे, रविवारी. सहीचे काय करायचे ते आई काही बोलली नाही. मीही बोलणार नाही. ते तुमचे दुकान आहे आणि तुमचा दिवस आहे.

तुम्ही, रीना आणि तुमच्या आई, तिघांनी सकाळीच यावे. आईने तुमची नावे घेऊन सांगितले आहे. हेमराजकाकांना मी सांगितले आहे.

तुमची,
रंजिताताई